बाजाराच्या पलीकडचं घर

मी हट्टी आहे हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी ते कळायला हुबळीला यावं लागलं. तोवर बेळगावकडच्या आमच्या खेड्यात हट्ट धरावा असं काही समोर आलंच नव्हतं.

यांना रेल्वेच्या कारखान्यात कारकुनी लागली आणि आम्ही तिघं हुबळीला आलो. तिघं म्हणजे हे, मी आणि माझ्या सासूबाई. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. उतरलो ते दाजीबानपेठेत, यांच्या काकांकडे. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड. काका मनाचे मोठे. पण एकदा कुणाचं भलं करायला निघाले, की त्या माणसाला आधी विचारावं हे त्यांच्या ध्यानात राहत नसे.

आल्यावर पंधरवड्यातच मला नोकरी चालून आली. मी मराठी सातवी पास झालेली, आणि केशवापुराच्या अंगाला मुलींच्या शाळेत एक मास्तरीण हवी होती. हे मला घेऊन गेले. तिथल्या मोठ्या बाईंनी मला फळ्यावर चार ओळी लिहायला लावल्या, एक कविता म्हणवून घेतली आणि म्हणाल्या, "सणानंतर या. पण येणार की नाही ते लवकर कळवा." परत येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. खोटं कशाला सांगू, मला त्या नोकरीची हाव सुटली होती. सातवीनंतर पाटीपुस्तक सुटलं तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता तीच शाळा पुन्हा दार उघडून उभी होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या मुळातच कमी बोलत. म्हणाल्या, "नोकरी कर की. पण भर बाजारातनं रोज एकटी जायची-यायची नाहीस. ते मला चालायचं नाही."

म्हणजे माझी नोकरी आता घर कुठं घेणार यावर येऊन ठेपली. दाजीबानपेठेत घेतलं तर शाळा आणि मी यांच्यामध्ये सगळा बाजार पडणार. कापडाच्या पेढ्या, अडत्यांच्या बैलगाड्या, हमाल, आणि दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचं गोत्र ओळखणारे रिकामटेकडे. केशवापुरात घेतलं तर शाळा हाकेच्या अंतरावर.

काकांनी तर घर ठरवून टाकलं होतं. त्यांच्याच गल्लीत, मागच्या बाजूला. "सगळी आपली माणसं आहेत. मराठी बोलणारी. अडीनडीला धावून येतील. मी शब्द दिलाय मालकाला." मी म्हटलं, "काका, केशवापुरात एक घर आहे. हवा आहे, परसू आहे." काकांनी कपाळाला हात लावला. "तिथं सगळे कन्नड! घरमालकीण लिंगायत. तुम्ही बोलणार कुणाशी?" हे सांगणारे काका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कन्नडात लुगडी विकत, कन्नडात भाव करत आणि कन्नडातच चिडत. घरात काकू रागावल्या तरी पहिलं वाक्य कन्नडच यायचं. पण घर घ्यायची वेळ आली की सगळ्यांना आपली भाषा आठवते.

यांना विचारलं तर हे म्हणाले, "आई म्हणेल तसं." बरं झालं, यांनी काकांचं नाव घेतलं नाही, एवढीच मी समजूत करून घेतली.

मग मी पाण्याचा मुद्दा धरला. काकांच्या गल्लीतल्या आडाचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे, दाताखाली कचकच लागे. काकू ते कधी कबूल करत नसत. मी म्हटलं, दोन्ही पाण्यांत डाळ शिजवून बघू. यांनी केशवापुरातल्या घराच्या विहिरीचं पाणी सायकलला कळशी बांधून आणलं. अर्धं वाटेत सांडलं आणि धोतर भिजलं ते वेगळंच. एका चुलीवर ते पाणी घेऊन मी, दुसऱ्या चुलीवर आडाचं घेऊन काकू. डाळ एकाच डब्यातली, जाळ सारखा. मी मनातल्या मनात जिंकलेच होते.

आणि दोन्ही डाळी लोण्यासारख्या शिजल्या!

काकांनी दोन्ही आमट्या भुरकून पाहिल्या आणि हसत म्हणाले, "सूनबाई, आता काय म्हणणं?" सासूबाई खाली मान घालून जेवल्या. मला वाटलं, संपलं. काकांनी भटजींना विचारून द्वादशीच्या सकाळचा मुहूर्त धरला. त्या दिवशी नव्या घरात दूध उतू घालायचं.

आमच्याकडे रिकाम्या घरात राहायला जाताना सगळ्यांत आधी चुलीवर दूध ठेवतात. ते वर येऊन भांड्यावरून सांडलं, की घरानं माणसांना पदरात घेतलं असं धरतात. मग ते घर तुमचं. भाड्याचं असलं तरी वर्षभर तरी तिथून हलायचं नाही. दूध उतू गेल्यावर पाठ फिरवली तर लक्ष्मी रुसते. काकू मला हे बजावून सांगत होत्या. मी काही या गोष्टी हसण्यावारी नेणारी नव्हते. द्वादशीला दूध सांडलं की माझी शाळा त्याच्याबरोबर वाहून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आदल्या दिवशी एकादशी. सकाळी मी सासूबाईंसमोर जाऊन बसले. म्हटलं, "केशवापुरातलं घर घेऊ नका. पण एकदा डोळ्यांनी बघा. न बघता नको म्हटलं तर मला जन्मभर लागून राहील." माझा आवाज चढला होता. काकू दाराआडून ऐकत होत्या, ऐकू देत. सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "टांगा सांग जा."

दुपारी आम्ही दोघी निघालो. बाजार संपला, रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि हवेचा वासच बदलला. घरमालकीण दारातच उभी होती, उंच, कपाळाला विभूतीचे पट्टे. "बर्री, ओळग बर्री," म्हणून तिनं आत बोलावलं. पुढच्या भागात ती आणि तिचा म्हातारा सासरा राहत, मागचा भाग भाड्यानं द्यायचा होता. सासूबाईंनी तिला अक्का म्हटलं आणि दोघींचं कन्नडात सुरू झालं. गाय कितव्या वेताची, पेंड कुठून आणता, सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत. काकांनी हे ऐकायला हवं होतं!

सासूबाई घरभर फिरल्या. भिंतीला हात लावून ओल पाहिली. परसात जाऊन स्वतः पोहरा ओढला, ओंजळभर पाणी घेऊन जिभेवर ठेवलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्या दिवशी काकूच्या डाळीत पापडखार होता."

चिमूटभर पापडखार टाकला की मचूळ पाण्यातही डाळ विरघळते, हे मला का सुचलं नाही? "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"सगळा जन्म चुलीपुढं गेला, पापडखाराची चव कळायची नाही मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"जिच्या घरी जेवतोय तिला तिच्याच स्वयंपाकघरात खोटं पाडायचं? अब्रू राखली बाईनं आपल्या आडाची. राखू दे की."

मला आशा वाटली. पण घराबद्दल त्या पुढं चकार शब्द बोलल्या नाहीत. परसातून आत आल्या आणि एकदम भिंतीला टेकून बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. एकादशीला त्या निरंकार असत, पोटात अन्न घेत नसत. फार झालं तर संध्याकाळी कपभर दूध, तेही आपल्या भांड्यात तापवलेलं. अक्कानं काही न विचारता गाईखाली बसून धार काढली, आम्ही बरोबर आणलेल्या पितळी तांब्यात. जाळायला कापसाच्या पऱ्हाट्या आणून दिल्या. मागल्या स्वयंपाकघरातली चूल सारवून कोरी ठेवलेली होती. मी पाणी शिंपडलं, जाळ केला आणि तांब्या चुलीवर चढवला.

मला आठवतंय, तेव्हा माझ्या मनात घर नव्हतं, शाळा नव्हती. सासूबाईंच्या पोटात चार घोट जावेत, एवढंच होतं. त्या अक्काशी हळू आवाजात बोलत होत्या. पऱ्हाट्यांचा जाळ फार भरभर लागतो. दूध कडेनं थरथरलं, मग साय फुगून वर आली. मी पदराचं टोक हाताला गुंडाळून तांब्या उतरवायला पुढं झाले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, चटका बसेल म्हणून म्हणतात. "उतू जाईल हो."

"जाऊ दे."

मी हात मागं घेतला. दूध वर आलं, तांब्याच्या काठावर क्षणभर थांबलं आणि पूर्वेच्या बाजूनं चुलीत सांडलं. चर्र झालं, खरपूस वास घरभर सुटला. "हालु उक्कितु!" म्हणून अक्कानं टाळी वाजवली आणि कुंकवाचा करंडा आणायला धावली.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या विधवा, शुभकार्याला हात लावत नसत. मलाच म्हणाल्या, "चुलीला हळदकुंकू लाव. नमस्कार कर." मी वाकले तेव्हा मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "रडायचं काय त्यात? इतकी घरं बदलली मी. कुठल्याही घरात जायच्या आधी मला कुणी विचारलं नाही. दूध तेवढं माझ्याकडून उतू घालवून घेतलं." मग उरलेलं दूध त्यांनी सावकाश प्यायलं आणि तांब्या विहिरीवर नेऊन स्वतः घासला.

आम्ही परतलो तेव्हा काका दुकान आवरत होते. उद्याच्या मुहूर्तासाठी त्यांनी दुधाचा नवा गडवासुद्धा आणून ठेवला होता. "वहिनी, सकाळी लवकर उठायचं हं. दूध सांगून ठेवलंय."

"दूध उतू गेलं," सासूबाई म्हणाल्या.

काकांच्या हातातला कापड मोजायचा गज तसाच राहिला. "कुठं?"

"माझ्या सुनेच्या घरात."

काकांनी गज खाली ठेवला आणि आमचं सामान न्यायला गाडी सांगायला म्हणून चपला घातल्या.