आईच्या उजव्या डोळ्याची बाहुली

दादा, माझा थोरला भाऊ, गेल्यापासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. त्याचा आजार प्रथम डोळ्यात दिसला. उजवी पापणी खाली आली, डोळा बाहेर वळला, बाहुली मोठी होऊन तशीच राहिली. मेंदूतली गाठ डोळ्याच्या शिरेवर दाबते आहे, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिन्यांत तो गेला.

वर्ष भरायच्या आत एका सोमवारी पोथी वाचताना आई म्हणाली, "अक्षरं पुसट का रे दिसतात?" मी तिला खिडकीशी नेलं. उजवी बाहुली डावीच्या दुप्पट होती आणि उन्हातही लहान होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलुंडहून तिला घाटकोपरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारली, बोट चहूकडे फिरवून पाहिलं. पापणी पडलेली नव्हती, डोळा सगळीकडे वळत होता. दादाचं असं नव्हतं. भीतीतही मला नवल वाटलं. "बाहेर बसा, जरा पुस्तक बघतो," डॉक्टर म्हणाले.

बाकावर रिकामी टोपली घेऊन एक फुलवाली बसली होती. आईकडे निरखून बघत तिने विचारलं, "काय ओ आजी, धोत्रा तोडलात काय?"

आई चपापली. टेकडीखालच्या महादेवाला दर सोमवारी ती धोत्रा वाहायची, तोही स्वतः तोडून.

"मग त्याच हातानं डोळा चोळलात. आमचं होतं असं. नवरा म्हणतो, मांजर झालीस."

"मी कशाला चोळू?" आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुसला असेल. घरात तुझ्यासमोर रडायचं नाही, म्हणून तिथे झाडापाशीच..."

मी वाचनालयातल्या कपाटांआड जाऊन रडत असे. तिला वाटे, मी वाचतो आहे.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले. धोत्र्याच्या रसाने बाहुली अशीच पसरते, चार दिवसांत उतरेल, म्हणाले. बाहेर आलो तर फुलवाली नव्हती. कंटाळून गेली असेल. शनिवारी दोन्ही बाहुल्या सारख्या झाल्या.

दादाच्या वेळी असं कोणी का भेटलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्याचा जाब मागणं मी सोडलं आहे. पुढच्या सोमवारी आईबरोबर गेलो. तिने धोत्रा वाहिला, मी तांब्याने तिच्या हातांवर पाणी घातलं. हात स्वच्छ झाल्यावर ती माझ्यासमोर रडली. मग मी हात जोडले.