आधी पंखा बंद कर

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका दवाखान्यातलं ईसीजी मशीन दुरुस्त करत होते. ते काम पुरं केलं आणि मगच रडले. अर्धवट उघडलेलं यंत्र टाकून उठणाऱ्यांना मामांनी जन्मभर शिव्या घातल्या. त्यांच्यासाठी तरी कशी उठणार होते?

आष्टीच्या बाजारात मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बारावीनंतर मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा घरात कुणाला ते नाव धड उच्चारता येईना. बाबांनी गावभर सांगून टाकलं, "पोरगी डॉक्टर होऊन राह्यली." झालं! सुट्टीत घरी आले की म्हाताऱ्या गुडघे दाखवायला ओट्यावर हजर. ही डॉक्टरकी नव्हेच, हे कळल्यावर बाबा असे भडकले! शेवटच्या वर्षी तर त्यांनी बजावलंच, "नापास झाली की शिक्षण बंद. लग्न उरकून टाकतो." एकटे मामा माझ्या बाजूनं. म्हणाले, "दाजी, डॉक्टरचं मशीन बिघडलं तर त्यानं कुणाकडं जावं?"

प्रोजेक्ट म्हणून मी ईसीजीचं यंत्रच बनवलं. आणि ऐन परीक्षेच्या सकाळी रेघेची नुसती थरथर. हृदयाचा ठोका कुठे दिसेचना. मी रडकुंडीला आले. परीक्षा बघायला म्हणून मामा एसटीनं कॉलेजात आले होते. दारातूनच म्हणाले, "आधी तो पंखा अन् ट्यूबलाइट बंद कर. त्यांच्यापायी माझे रेडिओ बी असेच गुरगुरतेत."

अरे देवा! चार वर्षं हेच तर वाचलं होतं मी पुस्तकात...

दोन्ही बंद केलं. मामा सदरा काढून टेबलावर आडवे झाले. आणि कागदाच्या पट्टीवर एकामागून एक ठोके उमटू लागले, स्वच्छ, ठसठशीत! परीक्षक खुर्चीतून उठून जवळ आले. "हे पेशंट कोण?"

"पेशंट न्हाई साहेब," मामा बनियनवरच उठून बसले, "मेकॅनिक हाय."

मी वर्गात पहिली आले. बाबांनी स्वतः पेढे वाटले, आणि तेव्हापासून माझी ओळख 'डॉक्टरांच्या मशीनची डॉक्टर' अशी करून देऊ लागले. ती पट्टी मात्र मामांनी मागून नेली.

परवा मामींनी दुकान उघडून दिलं. देवाच्या तसबिरीशेजारी पट्टी तशीच चिकटवलेली. ईसीजीच्या कागदावरची रेघ विरत जाते, काही वर्षांत तो कोरा होतो. ही रेघ मात्र ठळक. जवळून पाहिलं, तर बॉलपेनानं गिरवलेली.

"फिकी झाली की गिरवत बसायचे," मामी म्हणाल्या. "पंखा बंद करून."

दवाखान्यात बघते तशी मी ती पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली... एकही ठोका चुकला नव्हता.