टाईपवाल्या मामांची ऑफिस कॉपी

जगातली सगळी कामं केवळ अर्ज नीट टाईप न झाल्यामुळे अडतात, अशी बालंबाल खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. नागपुरात कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली डगमगत्या टेबलावर टाईपरायटर मांडून मामा तीस वर्षं बसले. मे महिन्यात सगळं शहर दारंखिडक्या लावून पडलेलं असायचं, तेव्हाही हे डोक्याला दुपट्टा गुंडाळून कोणाच्या तरी जमिनीचा, नाहीतर घटस्फोटाचा मजकूर बडवत असायचे. हाताने लिहिलेल्या कागदाला ते कागदच मानत नसत. "लिवते तं कोणीबी," ते म्हणायचे, "टाईप केलं का मंग त्याले वजन येते."

घरीही ही सवय सुटत नसे. वाणसामानाची यादी तीन प्रतींत निघायची: एक वाण्याला, एक मामीला आणि एक 'ऑफिस कॉपी'. सासरी गेलेल्या लेकीला पाठवलेल्या पत्रावर 'विषय : खुशाली' असं मी स्वतः वाचलं आहे. दुधात पाणी वाढलं तेव्हा त्यांनी दूधवाल्याला सात दिवसांची नोटीस काढली. त्या बिचाऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मामांनीच त्याला दारात उभं करून ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली आणि पोच म्हणून अंगठा घेतला. खोटं कशाला बोलू, दूध सुधारलं. मामी म्हणायची, "या मानसानं मंगळसूत्र घालताना माही सही कशी नाही घेतली, याचंच मले नवल वाटते."

अशा माणसाच्या हाती मी माझं नशीब सोपवलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सरांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे फॉर्म मागवून दिले होते, आणि वडिलांनी तेवढ्या एकाच अर्जाला परवानगी दिली होती. तो फसला तर उन्हाळ्यात स्थळं पाहायची, हे घरात ठरून गेलेलं होतं. फॉर्मसोबत 'मला पुढे का शिकायचं आहे' यावर दोन टाईप केलेली पानं हवी होती. मी आठवडाभर खपून निसर्गाच्या गूढावर, ज्ञानाच्या तहानेवर असा काही नटवा इंग्रजी निबंध लिहिला की मलाच माझा अभिमान वाटला. मामांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"चांगलं हाय पोरी. पण यात तू काय मागून राहिली, तेच दिसत नाही मले."

मी हसून सोडून दिलं. अर्ज पोस्टात पडायच्या शेवटच्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. पक्षकारांकडून घेतात तशा मामांनी माझ्याकडून आधीच कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या घेऊन ठेवल्या होत्या. पाकीट रजिस्ट्रीनं रवाना करून ते संध्याकाळी माझी ऑफिस कॉपी घेऊन घरी आले. ती मी उभ्या उभ्याच वाचून काढली.

माझा निबंध गायब होता. त्या जागी इंग्रजीत चक्क एक विनंती अर्ज होता. मराठीत सांगायचं तर तो असा: 'एक. अर्जदार ही नागपूरची कायमची रहिवासी असून सज्ञान आहे. दोन. अर्जदाराच्या आजोबांची काटोलकडील संत्र्याची दोनशे झाडं डिंक्या रोगानं वाळली, ती तोडताना अर्जदार हजर होती. तीन. वडील धंतोलीतल्या दवाखान्यात असताना अर्जदारानं बाहेरच्या बाकावर बसून अभ्यास केला व पहिला वर्ग मिळवला. चार. सबब, अर्जदारास प्रवेश नाकारल्यास तिचं कधीही भरून न येणारं नुकसान होईल.' आणि शेवटी, 'या उपकाराबद्दल अर्जदार आजन्म ऋणी राहील.' मूळ प्रतीवर मामांनी कोर्ट-फीचं तिकीटही चिकटवलं होतं. "तिकडं चालते का नाही, मले माहीत नाही," ते म्हणाले, "पण त्याच्यापायी अडाले नको."

"मामाजी, माह्या जिंदगीचं वाटोळं केलं तुमी," मी रडत म्हणाले.

मामा अजिबात हलले नाहीत. "काहून वं? साहेब कोन्या मुलखाचा का असंना, त्याले तीनच गोष्टी सांगा लागतात. तू कोण, तुले काय पाहिजे, अन् नाही देल्लं तर तुयं काय बिघडते. तुह्या निबंधात यातलं एकबी नव्हतं."

पुढचे अडीच महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र दर रविवारी यायचे, चहा प्यायचे आणि आईला विचारायचे, "तारीख लागली का?" मग एक दिवस पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट.

तिथे पोचल्यावर माझ्या प्राध्यापकबाईंनी मला तो अर्ज काढून दाखवला. त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी विज्ञानावरचं प्रेम लिहिलं होतं. तुझ्या कागदात वाळलेली झाडं होती." ते छोटं तिकीट कसलं, एवढंच त्यांना उलगडलं नव्हतं. हे सगळं मी मामांना कळवलं आणि मनापासून माफी मागितली. त्यांचं टाईप केलेलं उत्तर आलं: 'विषय : आपली माफी. अर्ज मंजूर. जेवण वेळेवर करावे.' त्या परक्या गावात मी ते पत्र कितीदा वाचलं असेल, देव जाणे.

मामा गेले तेव्हा मी तिकडेच होते. नंतर घरी आले तर मामीनं त्यांच्या पेटीतून माझी फाईल काढून दिली, कार्बनची शाई निळसर पडलेली. अर्ज गेला त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लाज वाटली होती ती शेवटच्या ओळीची, आजन्म ऋणी राहण्याची. मी ती पुन्हा वाचली. खाली सही माझीच आहे, कोऱ्या कागदावर केलेली, आणि मला ती मान्य आहे.