पाच पावलांचा उजेड

आमच्या ह्यांनी बॅटरी घ्यायची ठरवली आणि प्रत्यक्ष घेतली, या दोहोंच्या मध्ये एक अख्खा पावसाळा आणि अर्धा हिवाळा गेला. मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत होकार देऊन मोकळे झाले होते. पण बॅटरीचं तसं कसं चालेल? ती रोज जवळ बाळगायची वस्तू!

जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. कापूस आणि थोडी केळी. मी धुळ्याची, सात इयत्ता शिकलेली, म्हणजे गावाच्या मते जरा आगाऊच. घरात सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. मोठे दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणायची. आणि आमचे हे.

संध्याकाळ झाली की आमच्या ओट्यावर ह्यांची मित्रमंडळी जमायची आणि बॅटरीचा खल सुरू व्हायचा. दोन सेलची घ्यावी तर उजेड पिंपळापर्यंत पोचत नाही. तीन सेलची घ्यावी तर खिशात मावत नाही. काच फिरवून उजेड बारीक करता येतो ती म्हणे फार नाजूक, डोंगरात टिकायची नाही. एकाचा मेहुणा भुसावळला रेल्वेत होता, त्याच्याकडे पाच सेलची होती, तिच्या नुसत्या वर्णनावर दोन संध्याकाळी गेल्या. मग नावावरून वाद. शिकलेले बॅटरी म्हणत, बाकी सगळा गाव चोरबत्ती म्हणे. आता ती चोराची बत्ती की चोर पकडायची बत्ती, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आली. गावात चोरण्यासारखं कोणाकडे काय होतं, डोंबल? मी आत भाकऱ्या थापत ऐकायची आणि माझं मलाच हसू यायचं.

कापसाच्या गाड्यांबरोबर हे तीनदा जळगावला गेले आणि तीनदा रिकाम्या हाताने आले. दरवेळी नवीन मत मात्र घेऊन आले. चौथ्यांदा गेले तेव्हा एकदाची आणली. तीन सेलची! लाटण्याएवढी लांब, चकचकीत. खिशात मावेना, म्हणून शिंप्याकडून जाकिटाला आतून खास खिसा शिवून घेतला. ती त्यात घालून निघाले की एका अंगाला कलून चालायचे. लोक विचारायचे, कंबर धरली का भाऊ? हे खूश होऊन बॅटरी बाहेर काढून दाखवायचे.

मग तिची परीक्षा घ्यायला सगळी टोळी सातपुड्यात उनपदेवच्या गरम झऱ्यावर गेली. सकाळी भरल्या उन्हात गेली आणि दिवे लागायच्या आत परत आली. तिथे एका कपारीत अस्वल आहे का, हे बॅटरीने पाहिलं. अस्वल नव्हतं. ही 'अस्वल नव्हतं'ची कथा आम्ही पुढे होळीपर्यंत ऐकली, आणि दर खेपेला ते नसलेलं अस्वल थोडं मोठं होत गेलं. दिवसभर एकमेकांना उजेड दाखवून सेल बसले, ते दुसऱ्या दिवशी गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी वाळत घातले. उन्हात तापवले की त्यातला मसाला ताजा होतो, अशी ओट्यावरच्या विद्वानांची खात्री होती. मला राखणीला बसवलं. कुरडयांची नाही हो, सेलची! एरवी मी कुठे बसते, काय करते, याची चौकशी करायला ह्यांना सवड नव्हती.

आबांची तऱ्हा आणखी वेगळी. दिवा लागला की हात जोडायचे, हा त्यांचा नेम. बॅटरी पेटली की त्यांनी हात जोडले. हे गंमत म्हणून पेटवायचे, मालवायचे, पेटवायचे; आबा बिचारे दरवेळी हात जोडायचे. शेवटी आबाच म्हणाले, दिवा म्हणजे लक्ष्मी, तिचा असा खेळ करू नये, तिला देव्हाऱ्याशेजारी ठेवत जा. झालं! बॅटरी देवाशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसली. दिवाळीत तिच्या काचेला हळदकुंकू लागलं आणि भाऊबीजेपर्यंत आमच्या घरातून तांबडा उजेड पडत होता. बाहेर नेताना हे कपाळाला लावून न्यायचे आणि मग तीच बॅटरी काखोटीला मारून शेतात राखणीला जायचे. शेतात गडीमाणसं बाकी काय काय विधी उरकतात, ते लक्ष्मीला दिसत नसावं.

आता माझं गाऱ्हाणं. धुळ्याला माझ्या माहेरी मागच्या अंगणात संडास होता आणि ही किती थोर गोष्ट आहे, ते मला लग्न झाल्यावर कळलं. सासरी बायकांसाठी गोदरी. गावाच्या खालच्या अंगाला, काटेरी कुंपणापलीकडची उघडी जागा. जायचं ते तांबडं फुटायच्या आधी, नाहीतर दिवेलागण झाल्यावर. मध्ये दिवसभर पोटात कितीही कळ आली तरी दात आवळून बसायचं, आणि पाणी बेतानं प्यायचं. कंदील न्यायचा नाही. दिवा ही लक्ष्मी, तिला तिकडे नेत नाहीत, हा आमच्या घरचा कायदा. वाटेत खळगे, बोरीचे काटे, आणि जनावर. साप हा शब्दसुद्धा आम्ही अंधारात उच्चारत नव्हतो, जनावर म्हणायचो. चपलेचा आवाज करत, टाळ्या वाजवत जायचो, की बाबा रे, आम्ही येतोय, तू बाजूला हो.

त्यात अक्काला सातवा महिना. याआधी तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. एकदा अशीच ती अंधारात घसरून पडली होती, हे बायकांना ठाऊक होतं, पुरुषांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? कुठे पडली, असं विचारलं असतं ना! म्हणून या वेळी मी तिचा हात सोडत नसे. पायाने चाचपून मी आधी पाऊल टाकायचं, मग तिने.

एके दिवशी मी धीर केला. दाराआडून, डोक्यावर पदर ओढून म्हटलं, अक्काला पहाटे जाताना बॅटरी मिळाली तर बरं होईल. हे खाकरले. मग आबा म्हणाले, "दिवा लक्ष्मी शे. तिले का गोदरीमा लई जाशी?"

संपलं. अक्का मागे उभी होती, तिनेच माझा पदर ओढून मला आत नेलं. मला असा संताप आला होता की त्या दिवशी मी एक भाकरी धड भाजली नाही. लक्ष्मीचा मान मोठा, मान्य. घरच्या लक्ष्म्या म्हणतात त्या आम्हीच ना? आम्ही बऱ्या चालतो तिकडे!

खरा कहर पुढेच झाला. ओट्यावरच्या मंडळींना आता उजेड कुठवर जातो ते मोजायचं वेड लागलं. नवे सेल आले होते. पिंपळापर्यंत गेला. देवळाच्या कळसापर्यंत गेला. वा, वा! मग एका संध्याकाळी, नुकतं अंधारलं असताना, कुणीतरी म्हणालं, त्या कुंपणापर्यंत जातो का पाहा. आणि ह्यांनी टाकला.

गोदरीत एक रीत असते. पुरुषाची चाहूल लागली, की बसलेल्या सगळ्या बायका झटकन उठून उभ्या राहतात, जणू काही देवदर्शनाच्या रांगेत आहेत. तो जाईपर्यंत तशाच उभ्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आजारी, सगळ्या. तो उजेड कुंपणावर पडला आणि आम्ही दहा-बाराजणी उभ्या राहिलो. अक्का उठायला गेली, तिचा तोल गेला आणि ती कुंपणाच्या काट्यांत कोसळली. वर ओट्यावरून आवाज आला, "गेला, गेला! कुंपणापर्यंत गेला!" हशा झाला. खाली मी अक्काच्या पाठीतले काटे अंधारात बोटांनी शोधत होते. ती ओरडली नाही. फक्त पोटावर हात ठेवून, "हालस का, हालस का," असं स्वतःशी पुटपुटत राहिली.

घरी सांगितलं, उंबऱ्याला अडखळून पडली. दोन दिवस तिच्या पोटात दुखत होतं. मग नर्सबाईला दाखवायला सर्व्हिस मोटारीने आम्ही जळगावला निघालो. अक्का, मी आणि सोबतीला हे. मोठ्या दिरांना कापसाच्या वेचणीतून वेळ नव्हता. नर्सबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, मूल ठीक आहे, पण आता पडायचं मात्र नाही. मी मनात म्हटलं, ते काय तिच्या हातात आहे?

परत मोटारीच्या अड्ड्याकडे येताना ते दुकान लागलं, ज्याच्या पायऱ्या ह्यांनी चारदा झिजवल्या होत्या. मी थांबले. म्हटलं, मला बॅटरी घ्यायची आहे. माहेराहून आलेले चोळीचे पैसे कनवटीला होते. हे म्हणाले, "अगं, घरात आहे की!" मी पायरी चढले.

दुकानदार माझ्याकडे न बघता ह्यांना विचारू लागला, "बोला भाऊ, कशासाठी पाहिजे? शेतासाठी, प्रवासासाठी, शिकारीसाठी?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लहान दाखवा. दोन सेलची, कमरेला खोचली तर दिसणार नाही अशी. त्याने तीन-चार मांडल्या. भर दुपारी उजेड कसा पारखायचा? पुरुष गिऱ्हाइकांना तो मागच्या अंधाऱ्या कोठीत नेई. मी परक्या माणसाबरोबर कोठीत कशी जाणार? मग मी तिथेच उभ्या उभ्या पदर डोक्यावरून पार हनुवटीखाली ओढला आणि पदराच्या आत एकेक पेटवून पाहिली. दुकानात माणसं हसायला लागली. हसा म्हटलं, मेल्यांनो. एकीचं बटण खटकन वाजायचं, ती बाजूला ठेवली. एकीचा उजेड फार पसरायचा, तीही नको. तिसरी छोटी, जाड काचेची, बटण मऊ, उजेड पिवळट आणि जवळच्या जवळ पडणारा.

"ही द्या," मी म्हटलं.

दुकानदार कळवळला. "बाई, हिचा उजेड लांब जात नाही. पाच पावलांत संपतो. लोक लांब जाणारी मागतात. तुम्हाला एवढीशी कशाला?"

"मला पाच पावलंच पाहिजेत."

"पण काम काय आहे, सांगाल की नाही?"

दुकानभर पुरुष होते. ह्यांच्या चेहऱ्यावर 'चल आता' असं लिहिलेलं होतं. अक्का मागून माझं कोपर ओढत होती. आणि मला ते काट्यांवरचं पुटपुटणं आठवलं. मी ह्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या बॅटरीचा उजेड जिथवर जातो ना, तिथे आम्ही बसलेल्या असतो. अक्का उंबऱ्याला नाही पडली."

दुकानदाराने गुपचूप सेल घातले, कागदात गुंडाळून दिली. परतीच्या मोटारीत हे खिडकीबाहेर बघत होते. मग विचारलं, "तुम्ही तिथे जाता?" लग्नाला पाच वर्षं झाली होती आमच्या! मला हसावं की रडावं कळेना. ह्यांनी मात्र त्यानंतर बॅटरी त्या दिशेला कधी धरली नाही, हे मान्य केलं पाहिजे.

पण बॅटऱ्या गावात आणखी झाल्या होत्या. अक्काला नववा लागला होता तेव्हाची पहाट. आमची छोटी बॅटरी अक्काच्या हातात असायची. पाच पावलं पुढचं नीट दिसायचं, आम्ही सगळ्या तिच्या मागे. बसलो आणि पाच मिनिटांत रस्त्याकडून लांबलचक पांढरा उजेड आला आणि आमच्यावर थांबला. सरकून पुढे गेला नाही. थांबला. आम्ही सवयीने उठलो. माझा हात अक्काला आधार द्यायला गेला, तर ती जागची हलली नव्हती.

तिने आपली बॅटरी पेटवली आणि स्वतःच्या तोंडावर धरली. एरवी आबांसमोर आवाज न काढणारी बाई, मोठ्याने म्हणाली, "देखी ले. नीट देखी ले. मी शे. मी नही उठनार."

माझ्या शेजारची म्हातारी सगळ्यात आधी खाली बसली. मग मी. मग एकेक करून सगळ्या.