पिवळ्या टोकाचा दांडा

सातपूरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये गोरक्षभाऊंचं लेथ मशिन होतं. त्र्याऐंशी साली कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मल्हारीने त्यांना एक पुली करायला सांगितली. जीपच्या इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर त्याने कुठूनसा मिळवला होता. त्याची अॅल्युमिनियमची पुली पट्ट्याने खाऊन टाकली होती.

"बिडाची कर, स्वस्तात होईल," मल्हारी म्हणाला.

"बीड एवढ्या वेगात फुटलं तर तुकडे तुझ्याच तोंडावर. कडक पोलादच."

कडक पोलादाच्या दांड्याचं एक टोक पिवळं रंगवलेलं असतं. मऊ पोलादाला रंग नसतो. म्हणून तुकडा कापायचा तो दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे रंग शेवटपर्यंत राहतो. हा नियम भाऊ आल्यागेल्याला ऐकवत.

शनिवारी मी चहा घेऊन गेले, तेव्हा पुली मशिनवर होती. "वहिनी, टूल बघा कसं लोण्यातून चाललंय. नवीन आणलंय." रविवारी सकाळी मल्हारी पुली घेऊन गेला. दुपारी इगतपुरीच्या घाटात जीपची चाचणी होती.

तासाभराने मी कपडे वाळत घालत होते. शेडच्या भिंतीला दोन दांडे टेकलेले, दोन्ही बिनरंगी.

"भाऊ, पिवळा कुठला हो यातला?"

भाऊंनी दोन्ही दांड्यांची टोकं फिरवून पाहिली. बुधवारी दुसऱ्या कामासाठी घाईत त्यांनी कडक दांडा रंगाच्याच बाजूने कापला होता; मग पुलीसाठी कुठला उचलला, कोण जाणे. पुलीचा उरलेला तुकडा त्यांनी ग्राइंडरला लावला. कडक पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. या लांब, सरळ, मुक्याच निघाल्या.

ते धावत सुटले, मी मागोमाग. गॅरेजसमोर जीप सुरू होती, मल्हारी उघड्या बॉनेटवर वाकलेला.

"बंद कर."

"आता? घाटात माणसं थांबलीत."

"धातू चुकला माझा. मऊ आहे. पुलीतली चावीची खाच उघडेल, पुली शाफ्टवरून निसटेल."

"गोरक्ष टर्नर चुकला?" मल्हारी हसला. "लिहून दे."

"दे कागद."

मल्हारीचं हसू गेलं. त्याने इंजिन बंद केलं. पुली उतरवली, तर तासाभरातच शाफ्टला धरणाऱ्या त्या खाचेत नख जाईल एवढी फट पडली होती. भाऊंनी तरीही स्पेअरपार्टच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं. मल्हारीने तो फाडला नाही, खिशात ठेवला.

"दुसरी कर," म्हणाला. "तूच कर."

संध्याकाळी भाऊ ब्रश घेऊन कडक दांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा पट्टा ओढत होते. चहा गार झाला होता.