दुकानात सरळ, घरी वाकडी

दुकानदाराने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "मॅडम, हात असा सैल सोडायचा. टेन्शन नाय घ्यायचं." नांदेडच्या त्या दुकानात वडील माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली. माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच ड्रॉइंग टॅब्लेटवर, त्याच्या हाताखाली माझ्या हातून एक स्वच्छ सरळ रेघ उमटली.

"बघा, झालं की," तो वडिलांना म्हणाला. मनगट माझं होतं, पण बोलणं वडिलांशी चाललं होतं.

मी हात काढून घेतला. खूप राग आला की मला मराठीत, इंग्रजीत, कुठल्याच भाषेत वाक्य सापडत नाही. वाक्य सापडतं ते परतीच्या बसमध्ये, लोहा गाव मागे पडल्यावर.

तो कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला. प्रोसेसर कुठला, त्याला कुठला बोर्ड बसतो, रॅम किती, ग्राफिक कार्ड कॅबिनेटच्या डब्यात मावेल का, सगळ्याला वीज पुरवेल असा एसएमपीएस कुठला, याची यादी करण्यात माझे तीन महिने गेले होते. मला हवा तो बोर्ड आमच्या लातूरमध्ये मिळेना, म्हणून नांदेड. पहिल्या खेपेला दुकानदाराने वडिलांना विचारलं होतं, "मुलासाठी का?" मी यादी पुढे सरकवली. ती वाचून त्याने पुन्हा वडिलांकडेच पाहिलं. "कोणी बनवली ही?"

"हिनंच."

"यूट्यूब बघून, हाव ना?" असं म्हणून तो हसला, आणि रंगीत दिवे लागणारा कॅबिनेट काढून दाखवायला लागला. यादीत काचेचा, दिव्यांचा कॅबिनेट कुठेही नव्हता.

सगळं घरी आणून जेवणाच्या टेबलावर जोडलं. बटण पहिल्यांदा दाबताच पंखे फिरले, स्क्रीन उजळली. त्या दिवशी मी दोनदा जेवले. मग टॅब्लेट लावला, रेघ ओढली, आणि ती थरथरली. करवतीच्या पात्यासारखे बारीक बारीक दाते. हळू ओढली तर जास्त, भरभर ओढली तर थोडे कमी.

हे नेमकं तेव्हाच व्हायला नको होतं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या पुण्यातल्या एका प्रकाशनाने मला चाचणीसाठी बारा चित्रं करायला दिली होती. सोमवारी सकाळी दहापर्यंत पाठवायची. पसंत पडली तर वर्षभर घरी बसून काम. नाहीतर वडिलांनी ओळखीच्या एका शिकवणीत माझ्यासाठी रिसेप्शनची जागा बोलून ठेवली होती. म्हणजे दिवसभर काउंटरवर बसून आलेल्या प्रत्येक पालकाशी हसून बोलायचं. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. मला ती जागा म्हणजे शिक्षा होती, आणि वडिलांना ते ठाऊक होतं. "बोलायची सवय होईल," ते म्हणायचे.

मी केबल बदलली. मागचं, पुढचं, प्रत्येक यूएसबी लावून पाहिलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. ग्राफिक कार्ड काढून नुसत्या बोर्डवर चालवलं. शेजारच्या ताईच्या घरून तिचा टॅब्लेट आणला, तोही तसाच. कागदावर पेन्सिलने रेघा ओढल्या, त्या सरळ. कागद वडिलांना दाखवला.

"कागदाचं वेगळं," ते म्हणाले. "मशीनपुढं तू घाबरतेस. शाळेत भाषणाला उभी राहिलीस तेव्हा हातातला कागद कसा हलत होता, आठवतं का?"

आठवतं. चौथीत होते मी. इंग्रजी शाळेचं गॅदरिंग, माइक, आणि माझ्या हातात फडफडणारा कागद. आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगून झाली आहे. त्यानंतर माझ्याबाबत काहीही बिघडलं की त्याचं कारण तयारच असतं.

शेवटी कॅबिनेट गोधडीत गुंडाळून बसने नांदेडला नेला. "ताई, टीव्ही हाय का फ्रीज?" कंडक्टरने विचारलं. चार तास तो मांडीवर. आणि दुकानात पोचल्यावर दुकानदाराने तो लावला, तर रेघ सरळ. दहा वेळा ओढली, दहाही वेळा सरळ. मग ते मनगट.

घरी आणून लावला. रेघ वाकडी.

तो गुरुवार होता. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मीही मानलं की दोष माझ्याच हातात आहे. या सगळ्यात सर्वांत जास्त राग मला त्याचा येतो.

शुक्रवारी सकाळी आई माझ्या खोलीत फरशी पुसत होती. ओल्या पायांनी, ओल्या हाताने तिने कॅबिनेट बाजूला सरकवला आणि हात झटकन मागे घेतला. "तुझ्या डब्याला करंट येतो गं. मी त्या दिवशी पण सांगितलं."

सांगितलं होतं, आणि मी म्हणाले होते, "स्टॅटिक आहे ते, आई." पाठ केल्यासारखं. ती सातवी शिकलेली, आणि मी यादी करणारी. दुकानदार माझ्याशी जसा वागला, तशीच मी तिच्याशी वागले होते. फक्त मनगट धरलं नव्हतं.

मी चप्पल काढली. अनवाणी उभं राहून मागच्या स्क्रूला बोट लावलं. मुंग्या आल्या. बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने रेघ ओढली. दाते बदलले. माझा हात तोच होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वायरमन चाचा राहतात, आजोबांच्या काळापासून घराचं वायरिंग त्यांच्याकडेच. ते होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब घेऊन आले. एक वायर सॉकेटच्या फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये: बल्ब लागला. दुसरी वायर वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या: बल्ब लागलाच नाही.

"बेटा, तुमची अर्थिंग मेलीय," चाचा म्हणाले. "दुकानात अर्थिंग चांगली असंल. तिथं करंट जमिनीत उतरतो, इथं डब्यावरच बसून राहतो. तुझी मशीन तंदुरुस्त हाय."

"आणि हात?" मी विचारलं.

"हाताला काय झालं?" त्यांना काही समजलंच नाही. मला रडू आलं, म्हणून मी बल्बकडे बघत राहिले.

अर्थिंगचा खड्डा पोर्चमध्ये, मीटरच्या खाली. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, आणि वरून पाणी ओतायला एक नळी. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं, नाहीतर माती सुकते आणि अर्थिंग उरत नाही. लातूरमध्ये नळ आठवड्याने येतो. जमिनीत पाणी ओतायचं कोणाच्या घरी सुचेल? पण आमच्याकडे ओतायची सोयच नव्हती. नळी दिसत नव्हती. तिच्यावर टाइल होती.

"दोन दिवाळ्यांमागं पोर्च केला तेव्हा मिस्त्रीनं बुजवली," वडील म्हणाले. "दिसायला घाण दिसत होती ती."

"साहेब, तवा मला इचारायचं की," चाचा म्हणाले.

"आता बुजली ना. पावसाळ्यात बघू."

"सोमवारी द्यायचंय," मी म्हणाले.

"मग दे ना. हळूहळू काढ. टाइल फोडून काय चित्र येणारे का? नवा पोर्च आहे." आणि ते आत जाऊन पेपर घेऊन बसले.

मी जिन्याखालून हातोडा आणि छिन्नी आणली. चाचांनी बोटाने जागा दाखवली, आणि वडिलांच्या घरात वडिलांच्या विरोधात आपण नको, अशा बेताने दोन पावलं मागे सरकले. पहिला घाव निसटला. दुसऱ्याने टाइलचा कोपरा उडाला. तिसऱ्याला वडील दारात आले.

"काय करून राहिलीस?"

मी थांबले नाही. "माझा हात थरथरतोय का बघा," म्हणाले, आणि पुन्हा मारला. एवढ्या मोठ्याने मी त्यांच्याशी आधी बोलले नव्हते, आणि त्यांच्याकडे न बघता तर कधीच नाही. समोरच्या घरातल्या काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या दिसल्या की मी आत जाते.

नळीचं तोंड सिमेंटने बंद होतं. ते चाचांनी सळईने मोकळं केलं. पाणी कुठलं ओतायचं? आईने न्हाणीतल्या दोन बादल्या आणून ठेवल्या आणि वर मिठाचा पुडा. वडील म्हणाले, "अगं, नळ मंगळवारी येणारे!" ती म्हणाली, "मी नाही करत अंघोळ." पाणी घोट घोट आत जात होतं. संध्याकाळी आणखी एक बादली.

शनिवारी सकाळी चाचांचा बल्ब अर्थिंगवर लागला. स्क्रूला बोट लावलं, काही नाही. रेघ ओढली. सरळ.

मी नांदेडच्या दुकानात फोन केला. आधी कागदावर वाक्यं लिहून घेतली होती. ती वाचून दाखवली: अर्थिंग, टाइल, सगळं. तो म्हणाला, "म्हणजे आमचा माल ओके होता ना, मॅडम? मी तर तेव्हाच बोललो पप्पांना." लिहिलेली वाक्यं संपली होती. तरी मी म्हणाले, "पुन्हा कोणाचा हात असा धरू नका." मग मी फोन ठेवला.

शनिवार आणि रविवार मिळून बारा चित्रं झाली. सोमवारी सव्वानऊला पाठवली.

गुरुवारी उत्तर आलं. नऊ चित्रं पसंत. तीन पुन्हा करायची, आणि ती जमली तर पुढच्या महिन्यापासून काम सुरू. एका चित्रात बकरीचे मागचे पाय घोड्यासारखे झाले होते. एकात मुलीची वेणी पाठीऐवजी भिंतीतून निघत होती. तिसऱ्यात आजोबांच्या हाताला सहा बोटं होती. खरोखर सहा होती, मी मोजली. या चुका माझ्या होत्या.

खाली पोर्चमध्ये वडील मिस्त्रीला विचारत होते, त्या नळीवर झाकण कसलं बसवायचं. मी दार लावलं आणि बकरीपासून सुरुवात केली.