खुटवडचा आउटपास

हे सांगणं मी तीस वर्षं टाळलं. माजी सैनिकांच्या बैठकीत खुटवडचं नाव निघालं, की मी चहा सांगायला उठायचो.

आमचं युनिट खडकीत होतं. मी हवालदार, रविवारी गेटवर गार्ड कमांडर. १४०० वाजता आउटपासवाले, म्हणजे संध्याकाळपुरते बाहेर जाणारे जवान, रांगेत फॉल-इन होत. दारूचा वास आला तर पास रद्द. बाकीच्यांनी रजिस्टरवर सही करून निरोधचं पाकीट घ्यायचं. बाहेर काही घडलंच, तर सकाळी युनिटच्या डॉक्टरांना सांगायचं. एड्स हा शब्द तेव्हा नुकताच लेक्चरमध्ये येऊ लागला होता.

मी पीत नसे. न पिणारे आपल्या वाट्याची रम दोस्ताला देत. माझी रम नाईक मारुती खुटवडला जाई. तो सासवडकडचा, लग्नाला दीड वर्ष झालेलं. त्या रविवारी दुपारी बडा खाना, म्हणजे युनिटची मेजवानी होती. आम्हा तिघा न पिणाऱ्यांची रम त्यानेच घेतली. गेटवर वास आला. पास रद्द करायला हवा होता, मी केला नाही.

"किती झाली?"

"तुमचीच चढलीय, हवालदार. पिक्चर बघून येतो."

"पाकीट घे."

"पिक्चरला कशाला?"

रांग हसली. मीही हसलो. पाकीट टेबलावरच राहिलं. रजिस्टर पूर्ण दिसावं म्हणून त्याच्या नावापुढे सही मी केली.

सोमवारी ०६०० वाजता, पीटीआधी तो माझ्याकडे आला.

"पेठेत, त्या बायांकडं गेलो होतो. पुढचं धड आठवत नाय. डॉक्टरांकडं जाऊन येतो."

"काही होत नाही. तू सांगितलंस तर ती खोटी सही निघेल, माझ्या हवालदारीच्या फिती जातील."

तो पीटीला गेला. दोन आठवड्यांनी रजेवर घरी गेला.

चार वर्षांनी तो एड्सने हॉस्पिटलमध्ये वारला. मग त्याच्या बायकोचं, शालनचं रक्त तपासलं. तिलाही तोच आजार निघाला. ती कात्रजला भावाकडे राहायला आली. मी भेटायला गेलो.

"भाऊजी, ते म्हणायचे, हवालदारांनी मला लई सांभाळून घेतलं."

मी "हो" म्हणालो. पाणी प्यालो. निघालो. असा तीनदा गेलो. चौथ्यांदा दार तिच्या भावाने उघडलं.

"अहो, ताई गेली. महिना झाला. तुमचा पत्ता नव्हता आमच्याकडे."

नाईक मारुती खुटवड. शालन मारुती खुटवड. ही नावं कुठल्या स्मारकावर नाहीत, म्हणून इथे लिहितो.

तिन्ही वेळा स्वारगेटपासून कात्रजपर्यंत बसमध्ये मी एकच वाक्य पाठ करत गेलो होतो. वहिनी, तो डॉक्टरांकडे निघाला होता, मी त्याला अडवलं, मला माफ करा.